पानातला जमाखर्च

आमचे उभे आयुष्य दुसऱ्यांचे हिशेब तपासण्यात गेले. लखनौ, शिलाँग, कोलकाता आणि आता दिल्ली. सरकारने जेथे जेथे पाठविले तेथे तेथे आम्ही पेन्सिल सरसावून बसलो आणि खर्चाच्या प्रत्येक रकमेसमोर ‘पावती कोठे आहे?’ हा एकच प्रश्न विचारीत राहिलो. स्वतःच्या पोटाचा हिशेब मात्र आम्हांला कोणी कधी विचारला नव्हता. तो गेल्या वर्षी विचारला गेला. रक्तातील साखरेची तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एक तपासणी असते, तिचा आकडा ७.४ निघाला. डॉक्टरांनी कागद उलटसुलट करून पाहिला आणि सांगितले, गोळी तर देतोच. पण पुढल्या खेपेस येताना रोज काय खाता ते लिहून आणा, आणि तेही रात्री आठवून नव्हे, खाल्ल्याबरोबर.

घरी आल्यावर ही गोष्ट बंगळूरला असलेल्या चिरंजीवाच्या कानावर घातली. ‘वही’ हा शब्द ऐकून तो हसला. “बाबा, वही कसली घेऊन बसलात? फोनवर एखादं अ‍ॅप घ्या. तुम्ही पदार्थाचं नाव टाकायचं, कॅलरी तेच मोजतं.” कोणते घ्यावे, असे विचारले तर म्हणाला, “ते तुमचं तुम्हीच बघा. प्रत्येकाची गरज वेगळी असते.”

कोणते घ्यावे, हा प्रश्न वरवर पाहता बाजारातला आहे. छत्री किंवा चष्म्याची काडी निवडताना माणूस जसा चार दुकाने हिंडतो, तसे चार अ‍ॅप पाहावेत आणि एक घ्यावे, इतकेच. आम्हीही तसेच समजून आरंभ केला. परंतु महिन्याभरात आमच्या ध्यानात आले की येथे आपण नुसते साधन निवडीत नाही. आपल्या जेवणाला साक्षी कोणी असावे, हे ठरवीत आहो. ती निवड निराळ्या जातीची आहे, आणि तिच्यात चूक झाली तर ती साखरेच्या आकड्यात न दिसता दुसरीकडेच कोठेतरी दिसते. आमच्या बाबतीत ती कोठे दिसली ते पुढे सांगूच.

प्रथम बाजार. मायफिटनेसपाल नावाचे एक अ‍ॅप अमेरिकेत २००५ साली निघाले. त्यात जगभरच्या पदार्थांच्या लाखो नोंदी आहेत आणि त्यांपैकी पुष्कळ तुमच्याआमच्यासारख्यांनीच भरलेल्या आहेत. क्रोनोमीटर हे कॅनडातले. त्याचा भर सरकारी व प्रयोगशाळांतील कोष्टकांवर, त्यामुळे नोंदी कमी पण विश्वासाच्या. बंगळूरला २०१२ साली सुरू झालेले हेल्दिफायमी देशी जेवणाला अधिक परिचित. आता तर ताटाचे छायाचित्र काढले की ताटात काय आहे ते तेच ओळखू पाहते. कोणाची वर्गणी किती आणि कोणाचे रंग किती आकर्षक, यात आम्ही वाचकांचा वेळ दवडीत नाही. त्या गोष्टी दर सहा महिन्यांनी बदलतात.

आम्ही पहिले जे अ‍ॅप घेतले त्याचे नाव येथे सांगत नाही, कारण दोष त्याचा किती आणि आमचा किती याचा निवाडा अजून झालेला नाही. त्यात पहिल्याच दुपारी लिहावयास घेतले: वरण, एक वाटी. आणि आम्ही थबकलो. कोणती वाटी? आमच्या घरी तीन जातींच्या वाट्या आहेत. एक रोजच्या आमटीची, एक ताकाची पसरट, आणि लग्नात आहेर म्हणून आलेल्या सहा, ज्यांच्यावर देणाराचे नाव आणि तिथी कोरलेली आहे. स्वभावधर्माला अनुसरून आम्ही तिन्हींत पाणी भरून मापले. आमटीची दीडशे मिलिलिटर, ताकाची दोनशेच्या वर, आहेराची जेमतेम शंभर. म्हणजे ‘एक वाटी वरण’ या नोंदीत दुपटीचा फरक नुसत्या भांड्याने पडतो; वरण पळीवाढे की घट्ट, हा प्रश्न तर अजून उपस्थितच झालेला नाही.

रात्री थालीपीठ होते. भाजणी साताऱ्याहून आमच्या आक्का पाठवितात. तिच्यात कोणती धान्ये किती, हे त्या आजवर कोणाला सांगत नाहीत, आम्हालाही नाही. अ‍ॅपमध्ये थालीपीठ शोधले तर तीन नोंदी निघाल्या. एकीत १२० उष्मांक, दुसरीत २१३, तिसरीत ३४०. तिन्हींच्या मागे कर्ता अज्ञात. आमच्या कचेरीत अशी तीन बिले एकाच कामासाठी आली असती तर तिन्ही परत गेली असती. पण भूक लागली होती, आणि मनुष्यस्वभाव असा की आम्ही १२० निवडले.

त्या २१३ या आकड्याने मात्र आमचा पाठलाग केला. दोनशे समजू शकते. पण दोनशे तेरा? हा ‘तेरा’ कोठून आला? आम्ही त्याचा माग काढीत गेलो, आणि वाटेत जी माणसे भेटली त्यांच्याविषयी आदर वाढला. अमेरिकेतील मिडलटाउन या गावी वेस्लियन विद्यापीठात विल्बर अ‍ॅटवॉटर नावाचे रसायनशास्त्रज्ञ होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात त्यांनी मनुष्य आत बसेल, निजेल, जेवील अशी एक बंद कोठडी उभी केली आणि आतील माणसाच्या शरीरातून निघणारी उष्णता मोजली. एक ग्रॅम पिष्टाचे चार, स्निग्धाचे नऊ, प्रथिनाचे चार उष्मांक, हे आज शाळकरी मुलालाही पाठ असलेले गणित मुळात त्यांच्या परिश्रमाचे फळ. आपल्याकडे निलगिरीतील कुन्नूरला रॉबर्ट मॅकॅरिसन यांनी १९१८ साली बेरीबेरीच्या अभ्यासाने काम आरंभिले. तेथेच पुढे डब्ल्यू. आर. अ‍ॅक्रॉइड यांनी १९३७ साली भारतीय अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांची पुस्तिका काढली. ती प्रयोगशाळा १९५८ साली हैदराबादेस गेली, तीच आजची राष्ट्रीय पोषण संस्था. त्या संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या कोष्टकात ५२८ पदार्थ आहेत, आणि त्यांचे नमुने देशाचे सहा विभाग पाडून गोळा केले होते. एवढ्या उस्तवारीनंतर जो आकडा छापला जातो तो एका सरासरी ज्वारीचा असतो, सरासरी तुरीचा असतो. आमच्या आक्कांच्या भाजणीविषयी तो काहीच बोलत नाही, आणि बोलल्याचा आवही आणीत नाही. आव आणतो तो अ‍ॅप. शास्त्रज्ञाने संकोचाने ‘सुमारे’ म्हटलेले असते. तो शब्द वाटेत गळून पडतो आणि आमच्या हातात २१३ येतात.

याचा अर्थ मोजणे व्यर्थ आहे असा नव्हे. पाकीटबंद पदार्थावर छापलेला आकडासुद्धा काटेकोर नसतो. प्रत्यक्षातील उष्मांक छापील आकड्याहून वीस टक्क्यांपर्यंत अधिक निघाले तरी अमेरिकेतील नियम ते खपवून घेतात. धंद्यातल्या मनुष्याला अंदाजपत्रकाचे वावडे नसते. आम्हांला त्या मोजणीने लाभही झाला, आणि तो मोकळेपणाने मान्य केला पाहिजे. पंधरा दिवसांच्या नोंदी पाहताना एक अशी गोष्ट उघड झाली जी आम्हांस ठाऊक होती पण दिसत नव्हती. घरच्या जेवणात दोष फारसा नव्हता. दोष कचेरीत होता. सकाळी अकरा, दुपारी तीन, सायंकाळी पाच, आणि बैठक असेल तर मध्ये एकदा, असा चार वेळा साखरेचा चहा आणि प्रत्येक कपाबरोबर दोन बिस्किटे. ही बिस्किटे आम्ही कधी ‘खाल्ली’च नव्हती, ती बोलता बोलता आत गेली होती. लिहिल्यावाचून ती आम्हांला कधीच सापडली नसती.

पण याच पंधरा दिवसांत दुसरीही एक गोष्ट आढळली, आणि ती अधिक खोल आहे. आम्ही खोटे लिहू लागलो होतो. स्वयंपाकघरातून जाता जाता तोंडात टाकलेले दाणे आम्ही लिहीत नव्हतो. निरोपसमारंभातला पेढा लिहिला, पण अर्धा. तुपाची धार चमचा म्हणून लिहिली, आणि तो चमचा दिवसेंदिवस लहान होत गेला. ही केवळ आमचीच वृत्ती म्हणावी तर तसेही नाही. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या नियतकालिकात १९९२ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. थोडे खाऊनही आपले वजन उतरत नाही अशी ज्यांची तक्रार होती, अशी मोजकी माणसे त्यात घेतली होती. त्यांनी सांगितलेला आहार प्रत्यक्ष आहारापेक्षा सरासरीने सत्तेचाळीस टक्क्यांनी कमी भरला. ही माणसे लबाड होती असे कोणी म्हटले नाही.

आम्हांस विचारात पाडले ते हे, की आम्ही फसवीत होतो कोणाला? लाच घेणारा सरकारला फसवितो, खोटे प्रवासबिल लावणारा आमच्यासारख्याला फसवितो. येथे वही आमची, पोट आमचे, साखर आमची. ती नोंद दुसरा कोणी वाचणार नव्हता. मग हात का अडखळत होता? बरेच दिवस विचार केल्यावर उत्तर सापडले, आणि ते आमच्या कचेरीतच होते. त्या अ‍ॅपने प्रथमच आमच्याकडून एक लक्ष्य ठरवून घेतले होते: दिवसाला १,६०० उष्मांक. त्याच्या आत राहिलो की हिरवे वर्तुळ पुरे होई आणि शाबासकी येई. बाहेर गेलो की तांबडी रेघ. सात दिवस अखंड नोंद केली की पदक. रात्री नऊ वाजता आठवण: ‘आज तुम्ही जेवण नोंदविले नाही.’ म्हणजे आम्हांला कळण्याच्या आत त्या वहीला एक वरिष्ठ अधिकारी येऊन मिळाला होता. आणि वरिष्ठाकडे जाणारे मासिक विवरण कसे भरले जाते, हे या पृष्ठांच्या वाचकांस आम्ही काय सांगावे? लक्ष्य आधी पाहतात, पूर्तता मागाहून लिहितात. तीस वर्षे ज्या लबाडीवर आम्ही शेरे मारले, तीच आम्ही ताकाच्या वाटीच्या जागी आहेराची वाटी लिहून करीत होतो.

अन्न तोलून खाणे ही काही या युगाची टूम नव्हे. व्हेनिसच्या लुइजी कॉर्नारो या गृहस्थाने तारुण्यात देहाची नासाडी केली, आणि पुढे दिवसाला बारा औंस अन्न व चौदा औंस द्राक्षासव असा नेम धरला. वृद्धपणी, १५५८ साली, त्याने आपल्या मिताहाराची कथा प्रसिद्ध केली. आप्तांच्या आग्रहावरून त्याने एकदा दोन दोन औंस वाढविले तर तो आजारी पडला, असे तो सांगतो. नीत्शेने पुढे यावर आक्षेप घेतला की या गृहस्थाने कार्यकारणाची उलटापालट केली; त्याची प्रकृतीच अशी मंद होती की त्याला थोडेच पुरे होई, आणि तो मात्र सर्वांना तोच तराजू वापरा म्हणून सांगत सुटला. आक्षेप आम्हांस पटतो. आपल्या वाग्भटाने या दृष्टीने अधिक शहाणपण दाखविले. पोटाचे चार भाग कल्पून दोन अन्नाला, एक पाण्याला आणि एक वायूसाठी मोकळा ठेवावा, असे त्याचे माप. आणि चरकही अन्नाची मात्रा खाणाराच्या अग्नीवर सोपवितो. हे माप कोणाला दाखविता येत नाही, नोंदवता येत नाही, दुसऱ्याशी ताडून पाहता येत नाही. ते आतूनच घ्यावे लागते. त्याची उणीवही तीच आहे: आमचा अग्नी आम्हांला तीस वर्षे बिस्किटांविषयी चकार शब्द बोलला नाही.

गांधीजींचे उदाहरण याहून निराळे, आणि आम्हांस ते येथे फार मोलाचे वाटते. १९१५ साली हरिद्वारच्या कुंभमेळ्यात त्यांनी व्रत घेतले की चोवीस तासांत पाचांहून अधिक पदार्थ खाणार नाही, आणि सूर्यास्तानंतर खाणार नाही. व्रत का घेतले याचे एक कारण त्यांनीच आत्मकथेत सांगितले आहे. कलकत्त्यास ते भूपेंद्रनाथ बसूंकडे उतरले असता त्यांच्या फलाहारासाठी शहरात मिळतील ती फळे व सुका मेवा आणविला गेला, आणि घरातील स्त्रिया रात्रभर जागून तो सोलीत बसल्या. त्या जागरणाने ते अस्वस्थ झाले. आपल्या पानात काय पडते याचा विचार करताना त्यांची नजर पानावर न थांबता पलीकडे, सोलणाऱ्या हातांवर गेली. अन्नाचा हिशेब असाही असू शकतो, हे आमच्या अ‍ॅपला ठाऊक नव्हते. त्याच्यापाशी पिष्टाचा रकाना होता, स्निग्धाचा होता, मिठाचासुद्धा होता.

मोजण्याला आणखी एक बाजू आहे, आणि सरकारी मनुष्याने ती विसरू नये. अन्नाचे माप जेव्हा खाणाराच्या हाती नसते तेव्हा काय होते, याचा एक धडा आपल्याच मुलखात गिरविला गेला. १८७६ ते ७८ च्या दुष्काळात सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरील मजुरासाठी दिवसाला एक पौंड धान्य, वर किरकोळ पैसा, असे प्रमाण ठरविले. त्यापूर्वी बिहारच्या दुष्काळात अति खर्च केला म्हणून त्यांच्यावर टीका झाली होती. ती धुऊन काढण्याची ही संधी होती. मद्रासचे आरोग्याधिकारी डॉ. कॉर्निश यांनी एवढ्यावर काम करणारा देह टिकत नाही असे सांगून पाहिले. मुंबई इलाख्यात मजुरांनी या प्रमाणाविरुद्ध काम टाकले, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. उष्मांक हे नाव तेव्हा या देशात कोणी ऐकलेले नव्हते, पण आजच्या भाषेत ते पौंडभर धान्य सुमारे १,६०० उष्मांकांचे होते. आमच्या अ‍ॅपने आम्हांस आखून दिलेला आकडा तोच! फरक इतकाच की आम्ही पंख्याखाली बसतो आणि ते खडी फोडीत होते. हा योगायोग ध्यानी आला त्या रात्री ते हिरवे वर्तुळ आम्हांला पाहवेना.

पुढे सरकार बदलले, माप राहिले. वर ज्यांचा उल्लेख केला ते अ‍ॅक्रॉइड १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाची चौकशी करणाऱ्या आयोगाचे सभासद होते. नियोजन मंडळाच्या कृतिगटाने १९७९ साली दारिद्र्यरेषा ओढली ती उष्मांकांच्याच आधारे: खेड्यात माणशी २,४००, शहरात २,१००. आणि २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने बहुसंख्य शिधापत्रिकाधारकांना माणशी महिन्याला पाच किलो धान्याचा हक्क दिला, जे जानेवारी २०२३ पासून विनामूल्य मिळते. तांदूळ घेतला तर त्याचे दिवसाला सुमारे सहाशे उष्मांक होतात. उरलेले ज्याचे त्याने पाहावे. आमच्यातील कित्येकांच्या सहीने ही धान्ये गोदामातून हलतात. दिवसा पाच किलोंच्या धारिकेवर सही करावी आणि रात्री आपले सोळाशे ओलांडले म्हणून हळहळावे, यात काही पाप आहे असे आम्ही म्हणत नाही. पण एकाच परिमाणाने एकाला ‘इतके तरी मिळो’ म्हणून मोजायचे आणि दुसऱ्याला ‘इतकेच पुरे’ म्हणून, हे मनाला अवघड वाटले पाहिजे. ज्याला ते वाटत नाही त्याच्या हातात तराजू देताना आम्ही दोनदा विचार करू.

आता ती चूक, जिचे सूतोवाच वर केले. आमच्या कचेरीत एक बिहारी लिपिक आहेत. छठपूजेहून परतले की ते आठवणीने स्टीलच्या डब्यातून ठेकुआ आणतात. कणीक, गूळ, आणि तुपातले तळण. त्यांच्या मातोश्री चार दिवसांच्या त्या कठीण व्रतात तो स्वतः करतात. गेल्या कार्तिकात त्यांनी डबा उघडून पुढे धरला, आणि आम्ही काय केले? खिशातून फोन काढला. ठेकुआ शोधला. नोंद सापडेना म्हणून चष्मा लावून पुन्हा शोधला. ते डबा धरून उभे होते. शेवटी आम्ही एक तुकडा मोडून घेतला, तर ते हळूच म्हणाले, “साहब, यह प्रसाद है. इसमें क्या देखना.” त्या स्वरात राग नव्हता. राग असता तर बरे झाले असते.

घरातली गोष्ट याहून सावकाश घडली, म्हणून ती उशिरा कळली. आमच्या मंडळींना पान वाढल्यावर पहिला घास घेऊ द्यायचा आणि मग “कसं झालंय?” असे विचारायचे, ही एकतीस वर्षांची सवय. आम्ही परमुलखात हिंडणारी माणसे. कोकम मिळत नाही, गोडा मसाला संपत आलेला असतो, शिलाँगला तर ज्वारीचे पीठ पाहुण्यांच्या सामानातून येई. अशा स्थितीत रोजची आमटी हे त्यांनी राखलेले एक लहानसे संस्थान आहे, आणि तो प्रश्न म्हणजे त्याचा रोजचा दरबार. एके दिवशी आमच्या लक्षात आले की हा प्रश्न बंद झाला आहे. आठवून पाहिले तेव्हा कळले की गेले काही आठवडे आम्ही त्याचे उत्तर चवीने देतच नव्हतो. “चांगलं आहे, पण तेल दोन चमचे पडलंय का?” किंवा “हे तीनशे दहा धरू ना?” असे आम्ही म्हणत असू, आणि म्हणताना नजर फोनवर. ज्या माणसाची तपासणी चालू आहे ते माणूस ‘कसं झालंय’ असे विचारीत नाही. ते कागद पुढे ठेवते आणि उभे राहते. हे आम्ही शेकडो कचेऱ्यांत पाहिले होते. आपल्या स्वयंपाकघरात ते उभे केले याची शरम वाटली.

त्या रात्री आम्ही ते अ‍ॅप काढून टाकले आणि निवड नव्याने केली. या वेळी कसोट्या निराळ्या होत्या. पहिली आमच्या पेशाची: आकडा कोठून आला हे त्याने सांगितले पाहिजे, आणि सांगता येत नसेल तर तेथे आमच्या अंदाजाला जागा ठेवली पाहिजे. दुसरी, त्याने शाबासकी देऊ नये आणि रागावू नये. सगळ्या आठवणी, पदके आणि रंग बंद करता आले पाहिजेत. हे फार थोड्यांत जमते, कारण तुमचे पुन्हा पुन्हा उघडून पाहणे हाच त्यांचा व्यापार आहे. तिसरी कसोटी चिरंजीवाने सुचविली नव्हती. नोंदी आम्हांला आमच्याजवळ काढून घेता आल्या पाहिजेत आणि तिकडच्या पुसून टाकता आल्या पाहिजेत. मनुष्य काय खातो यावरून त्याचा उपास कळतो, सोवळेओवळे कळते, आजार कळतो, घरी कोणी नाही हेही कळते. ही माहिती मालाप्रमाणे हातोहात जाते. वर सांगितलेले मायफिटनेसपाल २०१५ साली एका कपडे विकणाऱ्या कंपनीने सत्तेचाळीस कोटी पन्नास लाख डॉलरांना घेतले, २०१८ साली त्यातील सुमारे पंधरा कोटी खात्यांची माहिती चोरीस गेली, आणि २०२० साली ते पुन्हा विकले गेले. आपल्याकडे व्यक्तिगत माहितीच्या रक्षणाचा कायदा संसदेने २०२३ साली संमत केला आहे खरा. पण कायदा झाला म्हणून कपाटाला कुलूप लावू नये असे कोणी लेखापरीक्षक सांगणार नाही.

या कसोट्यांना उतरणारे एक साधेसे अ‍ॅप मिळाले. त्यात लक्ष्याचा रकाना आम्ही कोरा ठेवला. ताटावर बसताना फोन दिवाणखान्यात ठेवायचा आणि जेवणानंतर, हात धुऊन, आठवेल ते ‘सुमारे’ लिहायचे असा नेम केला. डॉक्टरांनी खाल्ल्याबरोबर लिहा म्हटले होते. मध्ये आचमनापुरता वेळ आम्ही आमच्या अधिकारात घेतला. घरच्या पदार्थांची आमची आम्हीच दहाबारा मापे बसविली, आमटीची वाटी प्रमाण धरून. आणि दुसऱ्याने दिलेले, मग तो प्रसाद असो की फराळाचे ताट, खाऊन घ्यायचे आणि त्या दिवसासमोर फक्त ‘पाहुणचार’ एवढे लिहून आकडा घालायचा नाही, असे ठरले. अधिक खाल्ले तर दुसऱ्या दिवशी आपण होऊन कमी खावे. चहा साखरेवाचून सुरू झाला. बिस्किटे बंद झाली, ती मात्र कायमची.

तीन महिन्यांनी डॉक्टरांकडे गेलो. आकडा ६.६ होता. त्यांनी नोंदींची छापील पाने चाळली आणि बोट ठेवून विचारले, “हे मधले दिवस कोरे कसे?” आम्ही म्हणालो की ते कोरे नाहीत, तेथे पाहुणचार लिहिले आहे. त्यांनी पाने पुन्हा पाहिली. “किती दिवस आहेत असे?” मोजले तर नव्वदांत अकरा निघाले. “चालेल,” म्हणाले, आणि गोळी अर्धी केली.

गेल्या रविवारी पिठले-भाकरी होती. पहिला घास घेतला आणि आम्ही बोललो नाही, पाहत होतो. बऱ्याच वेळाने, पाठमोऱ्याच, तव्यावरची भाकरी उलटीत त्यांनी विचारले, “कसं झालंय?”

“मीठ किंचित कमी आहे.”

त्या वळल्या. “आणि किती धरायचं म्हणे?”

“ते जेवण झाल्यावर बघू,” आम्ही म्हणालो. त्यांनी मिठाची बरणी पुढे सरकविली आणि दुसरी भाकरी पानात टाकली. अर्धी वाढा म्हणेपर्यंत ती पडलेली होती.